बिशपबाईंची रायफल

किस्से जमतात कसे, हे मला शिकारीनं शिकवलं. शिकार म्हणजे धडाधड गोळीबार, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ओल्या गवतात तासन्‌तास पोटावर पालथं पडायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं तर मुळीच नाही. आता मराठी माणसाला इतका वेळ गप्प ठेवलं तर पुढे काय होणार, तुम्हीच सांगा! गाडीचं दार लागल्याबरोबर तो जो सुटतो तो घर येईपर्यंत थांबत नाही. मग एकाचा किस्सा दुसरा सांगतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमापर्यंत सशाचा वाघ झालेला असतो. म्हणून मी इथे फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणार आहे. माझे ससे ससेच आहेत.

मी मेधा. इंग्लंडात मेडनहेडला राहते, हॉस्पिटलात भूल देते. माझ्याबरोबर नेहमी दोघं असतात. शिरीष स्टॅनमोरचा, हाडांचा सर्जन. गौतम मूळचा नागपूरचा, क्रॉयडनला सॉलिसिटर. तिघांत मिळून एक रायफल. म्हणजे कायद्यानं माझी एकटीची, बाकीचे दोघं सल्लागार. सल्ला द्यायला या देशात अजून तरी लायसन्स लागत नाही!

*

सुरुवात झाली अंड्यांपासून.

आमच्या गावाबाहेर पॅटचं शेत आहे. पॅट ऐंशीच्या पुढची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शेत एकटी बघते आणि फाटकापाशी अंडी विकायला ठेवते. एका शनिवारी मी अंडी आणायला गेले तर फाटक सताड उघडं आणि पॅट कुरणात गुडघ्यांवर बसलेली. तिची म्हातारी घोडी सशाच्या बिळात पाय जाऊन कोसळली होती. पुढचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. गुरांचा डॉक्टर आलेला होता. त्यानं पॅटकडे पाहून नुसती मान हलवली.

"मदत करू का?" मी विचारलं.

"डोकं धर तिचं," तो म्हणाला.

मी धरलं. पॅटनं आपला गाल घोडीच्या गालाला टेकवला आणि तिच्याशी बोलायला लागली. काय बोलावं? हवेबद्दल! "आज वारा छान सुटलाय, नाही का गं? उद्या बहुतेक पाऊस येईल. येऊ दे, गवताला हवाच आहे." डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. घोडीचा श्वास माझ्या हातांवर लागत होता, तो थांबला. पॅट आणखी दोन वाक्यं पावसाबद्दल बोलली आणि मग उठली.

मी रोज माणसांना झोपवते. पण इतक्या शांतपणे कुणी कुणाला पोचवताना मी पाहिलं नव्हतं. कुरणाकडे नजर टाकली तर जिकडे तिकडे बिळं. सापळे झाले, जाळीचं कुंपण झालं, सशांना कशाचंच काही वाटलं नव्हतं.

पॅटनं एप्रनला हात पुसले आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुझे हात जरासुद्धा हलले नाहीत," ती म्हणाली. "तुला नेम धरता येतो का?"

*

नेम पुढची गोष्ट, आधी पोलीस! या देशात रायफल घ्यायची तर पोलीस खात्याचा माणूस घरी येऊन तुमची चौकशी करतो. आणि करतो म्हणजे अगदी मुळापासून करतो. बंदूक कुठे ठेवणार, कपाट भिंतीत बोल्टनं ठोकलंय का, कुठल्या शेतात, कशासाठी, झोप नीट लागते का, नवऱ्याशी पटतं का. नवरा, म्हणजे अभय, शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "खरं सांग हं!"

मग तो साहेब म्हणाला की कपाटाची किल्ली कुठे असते हे माझ्याशिवाय कुणालाही कळता कामा नये. नवऱ्यालासुद्धा नाही.

अभय हरखून म्हणाला, "म्हणजे आता 'तुला माहीत असायला हवं होतं' हे वाक्य या घरात निदान एका बाबतीत तरी बंद!"

त्या दिवसांत सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. सोफ्याच्या कडेला ताठ बसून त्या सगळं ऐकत होत्या. साहेबानं शेवटचा प्रश्न विचारला, "या घरात कुणी तापट स्वभावाचं आहे का?"

आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघेपर्यंत सासूबाईंनी हात वर केला.

"मी! बट आय डोन्ट नीड अ रायफल!"

साडेसहा फुटी तो माणूस. सासूबाई त्याच्या कोपराला लागतील एवढ्या. त्यानं पेन खाली ठेवलं, नकळत पाय जवळ घेतले आणि नीट बसला. जाताना मला दारात हळूच म्हणाला, "या घराच्या सुरक्षेची मला काळजी वाटत नाही."

*

परवानगी आली आणि आम्ही दुकानात गेलो. शिरीष सोबत होताच. गेले कित्येक आठवडे तो रात्रंदिवस रायफलींचे व्हिडिओ बघत होता. त्याच्या डोक्यात कार्बन फायबरचा दस्ता, स्पर्धेत वापरतात तसली जाड नळी, चंद्रावरचे खड्डे दिसतील अशी दुर्बीण! माझी मागणी साधी. पॉइंट टू टू, बोल्ट अॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागेपुढे करून पुढची गोळी भरायची. आणि बजेट? अभयच्या शब्दांत सांगायचं तर "एका बऱ्यापैकी व्हॅक्यूम क्लीनरइतकं."

दुकानदाराचं नाव बॅरी. त्यानं शिरीषचं सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं. मग काउंटरवर तीन रायफली मांडल्या आणि मला म्हणाला, "डोळे मीट. रायफल खांद्याला लाव. मानेला आराम वाटला की डोळे उघड."

पहिली शिरीषची आवडती. डोळे उघडले तर दुर्बिणीत नुसता काळोख. दुसरीला एका कडेला अर्धी चंद्रकोर. तिसरी जुनी, चेक बनावटीची, अक्रोडाच्या दस्त्यावर ओरखडेच ओरखडे. शिरीष तिच्याकडे बघतही नव्हता. मी डोळे मिटले, ती खांद्याला लावली, डोळे उघडले.

स्वच्छ गोल वर्तुळ, बरोब्बर मधोमध फुली, आणि फुलीवर रस्त्यापलीकडच्या चर्चच्या शिखरावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा! मी काहीच केलं नव्हतं. जणू रायफलच माझ्याकडे बघत होती. अंगावर काटा आला हो!

"दस्ता आखूड कापलाय," बॅरी म्हणाला. "आधीची मालकीण तुझ्याच उंचीची होती. पाद्रीणबाई. खेड्यातलं चर्च, स्मशानभूमीत सशांचा सुळसुळाट. थडगी खचायला लागली होती. अव्वल नेम!"

"मग विकली का?"

बॅरीनं रायफलवरची धूळ फुंकली.

"बढती मिळाली. बिशप झाली ती!"

*

आता गौतमचं सांगते.

गौतमनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मेधा, मी जिवंत कशावर गोळी चालवणार नाही. तत्त्वाची गोष्ट आहे, त्यावर वाद नको." वाद घालायचं कारणच नव्हतं. तो रविवारी आमच्याकडे जेवायला आला होता आणि माझ्या नेमबाजीच्या क्लबात पाहुण्यांचा दिवस होता, म्हणून बरोबर आला एवढंच. हातात कॉफीचा कप, डोक्यात बहुतेक सोमवारची केस.

रेंजवर देखरेख करणारे गृहस्थ निवृत्त सैनिक, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. त्यांनी शिष्टाचार म्हणून गौतमला विचारलं, "तुम्ही बघणार का एकदा प्रयत्न करून? कागदच आहे."

"कागद असेल तर चालते," गौतम म्हणाला. कप माझ्या हातात दिला आणि चटईवर पालथा झाला.

पालथा झाला म्हणजे काय सांगू! मी त्याला वीस वर्षं ओळखते. चालताना खुर्च्यांना अडखळणारा माणूस. पण त्या चटईवर त्याचे पाय आपोआप फाकले, डावा कोपर रायफलीखाली सरकला, गाल दस्त्याला लागला आणि माणूस दगडासारखा स्थिर झाला. श्वास घेतला, अर्धा सोडला. टक्. बोल्ट. श्वास. टक्. पाच गोळ्या. कुठे घाई नाही, कुठे उशीर नाही.

कागद जवळ आणला. मध्यभागी एकच भोक. कडा जराशा फाटलेल्या, तिपानी गवताच्या पानासारख्या.

"बाकीच्या चार चुकल्या वाटतं," शिरीष म्हणाला.

मिशीवाल्या गृहस्थांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. रेंजवरचे इतर लोक एकेक करून मागे येऊन उभे राहिले. शेवटी गृहस्थांनी टोपी काढली आणि फार आदरानं विचारलं, "सर, आपण सैन्यात कुठे होता?"

गौतम गुडघ्यांवरची धूळ झटकत उठला.

"नागपूर," तो म्हणाला. "अकरावी ब. एनसीसी!"

*

शिरीषचा किस्सा हसत हसत सुरू होतो, पण तो तसा नाही.

त्या हिवाळ्यात शिरीष घराच्या पायरीवर बर्फावरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाडांच्या सर्जनचंच हाड! सगळे हसले, तोही हसला. प्लास्टर निघालं, फिजिओ झाली, एक्स-रे उत्तम. पण तो ऑपरेशनला उभा राहीना. ओपीडी बघायचा, मीटिंगा करायचा, थिएटरचं नाव काढलं की विषय बदलायचा. त्याची बायको माधुरी एकदा मला फोनवर म्हणाली, "तो रात्री जेवताना चमचा डाव्या हातात धरतो. मी बघते आहे हे त्याला माहीत नाही."

तर माझी रायफल. एक गोळी नेमकी जायची, दुसरी भरकटायची. लाकडी दस्ता हवेनं फुगायचा आणि लोखंड त्यात किंचित हलायचं. यावर एक स्वस्तातला उपाय असतो. दस्त्याच्या खाचेत दोन रसायनांचा लगदा भरायचा आणि त्यात लोखंडी भाग असा बसवायचा की लगदा वाळल्यावर केसभरही हालचाल उरत नाही.

हे ऐकल्यावर शिरीषचे डोळे लकाकले. "अगं, ही तर हिप रिप्लेसमेंट आहे! आम्हीही सिमेंट भरून सांधा बसवतो."

"मग कर की," मी म्हटलं.

त्यानं उजवं मनगट चोळलं. मग म्हणाला, "रविवारी ये."

रविवारी मी रायफल घेऊन स्टॅनमोरला गेले. गॅरेजमध्ये टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, वर दिवा, हत्यारं ओळीनं मांडलेली. शिरीष टोपी घालून तयार! मी टॉर्च धरला. त्यानं दस्त्याची खाच कोरायला घेतली. लाकडाचा पापुद्रा कांद्याच्या पातीसारखा निघत होता. पहिल्यांदा त्याचा हात थांबला. मी टॉर्च हलवला नाही, काही बोललेही नाही. थिएटरमध्ये भूल देणाऱ्यानं सर्जनला काही बोलायचं नसतं. त्यानं पुन्हा सुरू केलं.

मग नळी आणि लाकूड एकमेकांना कुठे टेकतात ते शोधून तेवढंच घासलं. लोखंडाला बूटपॉलिश चोळलं, नाहीतर लगद्यात कायमचं चिकटून बसेल. लगदा भरला. लोखंड उतरवलं, इतक्या हळू की मला त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी चापाची स्प्रिंग बदलली. नखाएवढी स्प्रिंग, चिमटीत धरून आत सरकवायची, उजव्या हाताच्या. ती पहिल्याच झटक्यात बसली.

मी आजवर शेकडो सर्जनचे हात बघितले असतील. त्या दुपारी गॅरेजमध्ये जे हात बघितले तसे फार थोडे बघितले.

माधुरी चहा घेऊन दारात आली. "कसा आहे पेशंट?"

शिरीषनं हातमोजे काढले, उजवा हात दिव्याखाली धरला, उलटसुलट करून पाहिला.

"उत्तम," तो म्हणाला. "उद्यापासून ऑपरेशनची लिस्ट घेतोय."

माधुरीनं चहाचा ट्रे तिथेच टेबलावर ठेवला आणि घाईघाईनं आत निघून गेली. रायफलीचं म्हणाल तर पुढच्या वेळी माझ्या पाचही गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. पण ते कुणी मला विचारलंच नाही!

*

एक छोटासा. खंडेनवमीला सासूबाई म्हणाल्या, "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं चालायचं नाही." मी बोल्ट काढून बाजूला ठेवला, रायफल पाटावर ठेवली आणि नियमाप्रमाणे शेजारीच बसून राहिले. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं यथासांग झालं. सासूबाईंनी दुर्बिणीलाही कुंकवाचं बोट लावलं. "डोळा आहे तो तिचा."

पुढच्या रविवारी रेंजवर मिशीवाले गृहस्थ रायफल तपासत होते. दुर्बिणीच्या पट्टीखालून पिवळा तांदळाचा दाणा खाली पडला. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि भुवया उंचावल्या.

"अॅन्युअल सर्व्हिस," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या त्या दिवसाच्या कागदाकडे पाहिलं, मग दाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इतरांच्या रायफलींचीही करून मिळते का?"

*

पहिला ससा मी मारला तेव्हा काय वाटलं, हे लोक फार विचारतात. खरं सांगते, आधी काहीच वाटलं नाही. तो बसल्या जागी कलंडला, बाकीच्यांना कळलंही नाही. नळीच्या टोकाला आवाज कमी करणारा मॉडरेटर लावलेला होता, त्यामुळे पुस्तक मिटल्याएवढाच आवाज. मग मी चालत गेले, त्याला उचललं, आणि तो गरम होता. तेव्हा वाटलं. आत फार खोल कुठेतरी वाटलं. गौतम माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं वर बघ, अशी खूण केली.

वर घारी! इथल्या घारी तांबूस, शेपटीला खाच असलेल्या. एक, दोन, मग मोजता येईनात. मिनिटापूर्वी आकाश रिकामं होतं. कोणी सांगितलं त्यांना? माझ्या रायफलीचं ऐकू येईल न येईल एवढं टक्, ते त्यांना ऐकू गेलं होतं. आमच्या डोक्यावर त्या गोल गोल फिरत होत्या, उन्हात पंख तांब्यासारखे दिसत होते, आणि आम्ही तोंड उघडं टाकून बघत होतो.

ससा वाया घालवायचा नाही, हे पॅटनं आधीच बजावलं होतं. तेव्हा गौतम म्हणाला, "मारायचं काम तुझं, शिजवायचं माझं. माझं तत्त्व गोळीपुरतं आहे, रश्शाला लागू नाही!" पॅटच्याच स्वयंपाकघरात त्यानं नागपुरी सावजी रस्सा केला. वर बोटभर लाल तर्री. मी पॅटला सांगत होते, आधी थेंबभर चाखून बघ. तिनं मोठा चमचा भरून घेतला.

तिचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिनं शांतपणे रुमालानं तोंड पुसलं.

"मला माझा चेहरा जाणवत नाहीये," ती म्हणाली. "आणखी आहे का?"

*

हा किस्सा मी मंडळात सांगत नाही.

ऑक्टोबरची संध्याकाळ, स्वच्छ ऊन. मी कुरणाच्या खालच्या अंगाला पालथी पडले होते, शेजारी गौतम दुर्बीण लावून. त्याचं काम बघायचं आणि सांगायचं. वरच्या अंगाला, टेकाडाच्या अगदी माथ्यावर, एक ससा येऊन बसला. मोठा, पाठीमागे सोनेरी आकाश, कान उन्हात गुलाबी दिसत होते. अंतर नेमकं, वारा नाही. फुली त्याच्या डोक्यावर स्थिर होती, इतकी स्थिर की मला माझंच नवल वाटलं. बोट चापावर गेलं.

"आकाश," गौतम म्हणाला. एवढंच.

बोट बाहेर काढलं. नियम पहिल्या दिवशी शिकवतात. सशामागे माती दिसली पाहिजे. आकाश दिसत असेल तर गोळी मारायची नाही, कारण गोळी कुठे जाऊन थांबेल हे तुम्हाला माहीत नसतं. नियम मला पाठ होता. पण त्या क्षणी मला फक्त ससा दिसत होता.

ससा कान टवकारून पळाला. आणि तो जिथे बसला होता तिथे, त्याच जागी, टेकाडाच्या मागून हळूहळू एक लाल लोकरी टोपी वर आली. मग टोपीखालचं एक लहान तोंड. मग त्या मुलीला खांद्यावर घेतलेली तिची आई. पलीकडून पायवाट जाते, हे आम्हाला माहीत होतं. पण त्या उतारावरून कुणी येताना इथून दिसत नाही.

मी बोल्ट मागे ओढला. गोळी गवतात पडली. ती मला सापडेना, हात इतके थरथरत होते. माझे हात!

ती बाई खाली येता येता आमच्याकडे बघून हसली. "किती सुंदर संध्याकाळ आहे, नाही?"

मुलीनं टोपी काढून आमच्या दिशेनं हलवली. गौतमनं हात हलवला. मला तेवढंही जमलं नाही.

*

आणि हा शेवटचा.

जूनमधला दिवस. कुंपणाच्या झुडपांमागे आम्ही तिघं पालथे. समोर कुरणात सात-आठ ससे चरत होते. एक मी निवडला होता, मागे माती, सगळं जागच्या जागी. तेवढ्यात शिरीषनं माझ्या कोपराला बोट लावलं.

बांधाच्या दगडांतून काहीतरी बाहेर आलं. त्याला इथे स्टोट म्हणतात. मुंगसाचा धाकटा भाऊ म्हणा, पण फार बारीक. वीतभर अंग, पोट पांढरं, शेपटीचं टोक काळं. तो उघड्यावर आला, आणि नाचायला लागला.

मी रायफल खाली ठेवली.

तो उडी मारायचा, हवेत पिळा घ्यायचा, पडायचा, स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरायचा, कोलांटी, पुन्हा उडी. वेड लागल्यासारखा! सशांनी पळून जायला हवं होतं. एकही हलला नाही. चरणं थांबलं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. दोन ससे तर चक्क आणखी दोन पावलं पुढे आले, नीट दिसावं म्हणून! आणि तो नाचत होता, प्रत्येक उडीला जरासा जवळ, प्रत्येक कोलांटीला जरासा जवळ. त्यानं सशांकडे एकदाही पाहिलं नाही. आम्ही श्वास रोखून पडून होतो. किती वेळ गेला, देव जाणे. गौतमची दुर्बीण गळ्यात होती, ती लावायचीही त्याला आठवण राहिली नाही.

मग एका उडीतून तो खाली पडलाच नाही. सरळ सर्वांत मोठ्या सशाच्या मानेवर! मी निवडला होता तोच. क्षणभराची झटापट, आणि ससा शांत. बाकीचे ससे थोडे बाजूला झाले आणि चरायला लागले.

स्टोटनं ससा ओढायला सुरुवात केली. त्याच्या कितीतरी पट मोठं ते धूड, मान तोंडात धरून, मागे मागे सरकत, धापा टाकत तो सरळ आमच्याच दिशेनं आला. आमच्या नाकापासून हातभर अंतरावर त्याला आमचा सुगावा लागला. त्यानं ससा सोडला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. काळे मण्यांसारखे डोळे, त्यात भीतीचं नाव नाही.

आणि शिरीष, जो कुणालाही अहो-जाहो करत नाही, जो माझ्या सासूबाईंनासुद्धा दुसऱ्याच भेटीत 'ए आई' म्हणायला लागला, तो शिरीष ओल्या गवतात पडल्या पडल्या नमस्कार करून अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"चालू द्या… चालू द्या तुमचं!"